चाळीस हजार टाक्यांची वाकळ

आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला एका ओळखीच्या बाईंनी मला विचारले, "कारवारला पैसे भरून गोधडी शिवायला गेला होता म्हणे! त्यात शिकायचे काय असते हो?" प्रश्नात थोडी चेष्टा होती, पण प्रश्न रास्त होता. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वाढलेल्या आमच्या पिढीत वाकळ पांघरली नाही असा माणूस सापडायचा नाही. दुपारची जेवणे आवरली की आई, आजी, शेजारची काकू सोप्यात वाकळ पसरून बसत. क्लास लावून ती कोणी शिकत नव्हते. मी स्वतः तर छत्तीस वर्षे बँकेत आकडे लिहिले आणि सुई हातात धरली ती शर्टाचे बटण लावण्यापुरती. हातात वाणाची वाटी घेऊन उभ्या उभ्या मला त्या प्रश्नाचे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

पुण्याच्या मुलीने माझ्या पासष्टीला भेट म्हणून हे नाव नोंदवले होते. कारवारजवळ समुद्रकाठी एका निवासात तीन दिवसांची 'क्विल्टिंग रिट्रीट'. आमच्या वेळी रिट्रीट म्हणजे सैन्याची माघार. आता त्याचा अर्थ चार दिवस घरकामातून सुटका असा झाला आहे, आणि तो काही वाईट नाही. राहणे-जेवण धरून फी होती १२,००० रुपये. आकडा ऐकून मी मुलीला म्हटले, एवढ्यात दहा रजया येतील. तिने उत्तर दिले नाही, गाडीची वेळ तेवढी कळवली.

निघताना मी पिशवीत आईचे एक लुगडे घातले. आई जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या ट्रंकेत चार नऊवारी लुगडी राहिली होती, दोन इरकली आणि दोन आपल्या शहापूरच्या मागावरची. माझी मोठी बहीण, आमची अक्का, हिने तेव्हाच बजावले होते, "मी आहे तोवर याला कोणी कात्री लावायची नाही." त्यामुळे दर दिवाळीला ती लुगडी उन्हात घालायची, घडी मोडून पुन्हा घालायची आणि डांबराच्या गोळ्या बदलायच्या, एवढाच कार्यक्रम चालू होता. त्यातले शहापुरी हिरवे लुगडे मी अक्काला न सांगता घेतले. कापायचेच असे ठरवले नव्हते. पण न्यावेसे वाटले हे खरे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरते, कारण कार्यशाळेतही पहिला अर्धा तास त्यातच गेला. आपण जिला वाकळ म्हणतो तिला घाटावर बहुतेक ठिकाणी गोधडी म्हणतात, गोव्याकडे गोदडी, आणि आपल्याच गल्लीतल्या कानडी शेजारणीच्या घरी ती कौदी असते. रजई आणि लेप ही वेगळी वस्तू. त्यांत पिंजलेला कापूस भरलेला असतो आणि टाके विरळ असतात, कापूस एका कोपऱ्यात गोळा होऊ नये एवढ्यापुरतेच. वाकळेत कापूस नसतो. जुन्या सुती कापडाचे पाच-सहा थर एकावर एक आणि ते सगळे एकजीव करणारा दाट धावदोरा, म्हणजे वाकळ. इंग्रजी क्विल्ट बहुधा तीन थरांची असते: वर तुकड्यांची नक्षी, मध्ये भरण आणि खाली अस्तर. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-कच्छ-राजस्थानची रल्ली या सगळ्या मात्र आपल्या वाकळेच्या बहिणी. जुने सुती कापड, साधा धावदोरा आणि घरातल्या बायकांचे हात हे सगळीकडे सारखेच.

बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाटाने उतरलो. घाटात कानात दडे बसले आणि खाली आल्यावर खारट दमट वारा लागला. कारवारचा किनारा सुंदरच आहे, तरुणपणी इथे राहून गेलेल्या रवींद्रनाथ टागोरांचे नाव त्याला दिलेले आहे. पण समुद्राचे वर्णन मी करणार नाही, ते मला जमत नाही. आमचा वर्ग सुरूच्या झाडांखाली मोकळ्या पडवीत होता आणि समोर भरती-ओहोटी चालू असे एवढे पुरे. शिवणाऱ्याला समुद्राचा एक तोटा मात्र सांगण्यासारखा आहे. रात्री सुई उघड्यावर राहिली की सकाळी तिच्यावर गंजाचा ठिपका पडतो आणि तो पांढऱ्या कापडाला लागतो. आमच्या शिक्षिका सुया तेल लावलेल्या चिंधीत गुंडाळून ठेवत.

या शिक्षिका म्हणजे हल्याळ तालुक्यातल्या दोन सिद्दी बायका. एक साठीच्या, दुसरी तिची सून. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या भागांत जंगलाच्या कडेने सिद्दी लोक राहतात, हे आपल्यापैकी अनेकांनी दांडेलीला जाताना पाहिले असेल. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून ठेवलेल्यांपैकी अनेकजण पळून या रानात आले आणि इथलेच झाले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरी कोकणीच्या वळणाची बोली, बाहेर कानडी, आणि मराठी त्यांना चांगली कळते. २००३ साली या जिल्ह्यातल्या सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. ते जी वाकळ शिवतात तिला कवंदी म्हणतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कवंदींचा अभ्यास करून त्यांची प्रदर्शने परदेशात भरवली. आपल्या बेळगावपासून काही तासांच्या अंतरावरची ही कला बघायला मला पासष्ट वर्षे लागली, आणि तीही मुलीने ढकलल्यावर.

आता कवंदीची रीत. खाली जुनी साडी पसरतात. ती आकाराप्रमाणे दुमडून कडा आत मुडपतात. मग एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने तुकडे लावत जातात. प्रत्येक तुकड्याच्या कडा बोटाने आत मुडपायच्या, तो आधीच्या तुकड्यावर थोडा चढवायचा आणि लगेच धावदोऱ्याने सगळे थर एकत्र शिवायचे. आधी वरचा पदर जोडून घ्यायचा, मग भरण घालायचे, मग शिवायचे, असे तीन टप्पे त्यात नाहीत. जोडणे आणि भरणे एकाच टाक्यात होते. कडेचा फेरा पूर्ण झाला की त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असे करत मध्याकडे यायचे.

आमच्याबरोबर बेंगळुरूच्या एक बाई होत्या. त्या मशीनवर क्विल्ट करतात. त्यांना हे पटेना. त्यांच्या पुस्तकी पद्धतीत उलट असते, मध्यापासून बाहेर शिवत जायचे, म्हणजे कापडाचा ढिलेपणा कडेला सरकतो आणि शेवटी कापून टाकता येतो. बाहेरून आत आलो तर सगळा फुगा मध्ये गोळा होणार नाही का? शंका बरोबर होती. मोठ्या सिद्दी बाईंनी हाताने उत्तर दिले. त्यांनी तुकडा ठेवला, तळहाताने घासून सपाट केला, शिवला, दुसरा ठेवला, पुन्हा घासला. वरचा पदर आधीपासून एकसंध नसल्यामुळे ढिलेपणा साठायला जागाच राहत नाही. तो प्रत्येक तुकड्याच्या मुडपीत जिरतो. खालच्या साडीचा ढिलेपणा मात्र सारखा बघावा लागतो. दर चार-सहा ओळींनी त्या कवंदी उलटी करून पाठ चाचपत. कडा आधी पक्क्या झाल्याने काम मध्येच गुंडाळून ठेवले, मूल रडले, पाऊस आला, तरी काही सुटत नाही. घरकाम सांभाळून शिवणाऱ्या बाईची ही पद्धत आहे, चौकट किंवा मोठे टेबल असणाऱ्याची नव्हे.

शेवटी चारही कोपऱ्यांवर त्या रंगीत कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणी पाकळ्या शिवतात, त्यांना फुला म्हणतात. फुला लावल्याशिवाय कवंदी कोणाला देत नाहीत. तशी दिली तर ती नागडी, असे सुनेने सांगितले आणि सासूने हसून तिला दटावले.

पहिल्या दिवशी माझे टाके बघून मोठ्या बाई म्हणाल्या, "दोरो चड ओडूं नाका, बाय." दोरा जास्त ओढू नका. माझी चूक सगळे नवशिके करतात तीच होती. मजबूत व्हावे म्हणून मी प्रत्येक टाका घट्ट आवळत होते आणि कापडाला चुण्या पडत होत्या. त्यांनी कारण सांगितले नाही, पण दोन दिवस शिवल्यावर ते कळले. वाकळेची ऊब कापडात असते तितकीच थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. दोरा हलका सोडला की दोन टाक्यांमध्ये कापड किंचित फुगते आणि हवेला जागा राहते. घट्ट आवळले की पोते होते. मशीनची शिवण दोन दोऱ्यांची गाठ प्रत्येक टाक्याला आवळते, म्हणून मशीनवर शिवलेली वाकळ पुठ्ठ्यासारखी वाटते. दुसरे असे की ताण पडला तर हाताचा सैल दोरा आधी तुटतो, कापड फाटत नाही. दोरा पुन्हा घालता येतो.

जुने सुती कापडच का, याचेही कारण आहे. शेकडो धुण्यांत त्यातली खळ निघून गेलेली असते, आटायचे तेवढे ते आटलेले असते, आणि धागा मऊ झाल्याने सहा थरांतून सुई सरळ जाते. नवे कापड वापरले तर सुई अडते आणि पहिल्या धुण्याला वाकळ वेडीवाकडी आटते. सिंथेटिक साडी घसरते, घाम टिपत नाही आणि सुती थरांबरोबर धुतली की वेगळीच वागते. माझ्या कपाटात सुती साड्या किती हे घरी आल्यावर मोजले. एकूण त्रेचाळीस साड्यांत अकरा. आईच्या सगळ्याच सुती होत्या. पुढच्या पिढीची वाकळ कशातून निघणार हा प्रश्नच आहे.

तिसऱ्या दिवशी लुगडे पिशवीतून बाहेर काढले.

तोवर मी वर्गातल्या तुकड्यांतून लहान मुलाचे दुपटे शिवायला घेतले होते, ते निम्मे झाले होते. मोठी वाकळ तीन दिवसांत होणे शक्य नव्हते. पण थर कसे घालायचे आणि कच्चे टाके कसे टाचायचे हे बाईंच्या समोरच करून घ्यावे, असे मनात आले. लुगडे पडवीत पसरले. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. पाच बाय सात फुटांच्या वाकळेला एका लुगड्यातून जेमतेम अडीच थर निघतात. बाकीच्यासाठी मी माझ्या दोन जुन्या साड्या आणल्या होत्या. मी कात्री शोधू लागले तर मोठ्या बाईंनी ती बाजूला सारली. सुती कापड हाताने टरकावायचे, म्हणजे ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. कात्री तिरकी जाते आणि मग थर जुळत नाहीत. त्यांनी कडेला दातांनी खाच पाडून ते माझ्या हातात दिले.

मी फाडण्याआधी नीट बघितले. नेसून नेसून लुगडे कुठे झिजते हे तेव्हा दिसले. कासोट्याचा भाग इतका विरळ झाला होता की खालची फरशी दिसत होती. काठ मात्र अजून कडक होता. आणि मध्यावर, रुंदीभर, एक जोड होता. दंड घातलेला. तरुण वाचकांसाठी सांगते, लुगडे मध्ये विरले की पूर्वी ते टाकून देत नसत. विरलेला भाग काढून टाकत आणि दोन्ही चांगले भाग पुन्हा जोडत, त्या जोडाला दंड म्हणतात. त्यावरचे टाके इतके बारीक होते की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हते. बाईंनी बोट फिरवले आणि सुनेला बोलावून दाखवले. दोघी काही बोलल्या ते मला कळले नाही.

माझ्या मनात आले, हे आईचे टाके. दरवर्षी उन्हात घालताना ही घडी मी उलगडली होती आणि कधी बघितले नव्हते. मी ठरवले की दंड मोडायचा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंनी टीचभर सोडून लुगडे टरकावले. आवाज मोठा होतो हो त्याचा. बेंगळुरूच्या बाईंनी मान वर केली. दंडाची ती पट्टी बाजूला ठेवली, वाकळेच्या वरच्या पदरावर मध्यभागी लावण्यासाठी. बाकीचे थर पसरून, चारी बाजूंना नारळ ठेवून ताणले आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले. नारळांची युक्ती चांगली आहे. घरी मी पाटा-वरवंटा वापरला.

आता हिशेबाचे, कारण माझा मूळ धंदा तो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घड्याळ लावून मोठ्या बाईंच्या शेजारी बसले. त्यांच्या शिवणीत इंचाला चार टाके आणि दोन ओळींत अर्धा इंच अंतर. पाच फूट रुंदीत अशा १२० ओळी बसतात, प्रत्येक ओळ सात फुटांची. ओळी सरळ घाला की फेरे घेत या, एकूण लांबी तेवढीच भरते, ८४० फूट. इंचाला चारप्रमाणे टाके होतात ४०,३२०. सात फुटांना बाईंना लागली सतरा मिनिटे, मला पन्नास. म्हणजे त्यांच्या वेगाने नुसते शिवण चौतीस तासांचे. थर घालणे, तुकडे मुडपणे, सुईत दोरा ओवणे, फुला लावणे हे धरून बेचाळीस तास. एका बैठकीला साडेतीन तासांपेक्षा जास्त बसवत नाही, डोळे आणि पाठ दोन्ही बोलतात. म्हणजे बारा दिवस.

दुहेरी दोरा धरला तर सुमारे साडेसहाशे मीटर दोरा जातो. दोरा आणि सुया मिळून अडीचशे रुपये धरू. मजुरीचा रोज आठ तासांना ४०० रुपये धरला तर बेचाळीस तासांचे २,१०० होतात. जुन्या कापडाची किंमत शून्य धरली तरी वस्तू २,३५० रुपयांना पडली, त्यात नफा नाही. मी सुनेला विचारले, रस्त्याकडेला पर्यटक काय देतात? ती म्हणाली, आठशेला मागतात, आणि वर म्हणतात की जुन्या कपड्यांचीच तर आहे. आठशेतून दोऱ्याचे वजा केले तर तासाला तेरा रुपये पडतात. (इथल्या कार्यशाळेचे मानधन बरे मिळते, तेही तिनेच सांगितले. ते ऐकून माझ्या १२,००० रुपयांचा राग थोडा कमी झाला.)

हा हिशेब वहीत मांडताना मला एक जुने प्रकरण आठवले आणि पेन थांबले. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. पुढे तो सगळीकडे पसरला आणि त्या दशकाच्या शेवटी मी एका ग्रामीण शाखेत असताना अशी प्रकरणे माझ्याकडे येत. एका गावातल्या बारा बायकांचा गट होता. त्यांना वाकळा शिवून बाजारात विकायच्या होत्या, कर्ज हवे होते अठरा हजार. मी प्रकल्पाचा तक्ता भरला. कच्चा माल: घरचे जुने कपडे, शून्य. मजुरी: घरच्याच बायका, फावल्या वेळात, शून्य. दोरा: किरकोळ. तक्त्याच्या तळाला उत्तर आले की खर्चच नाही, मग खेळते भांडवल कशाला? मी त्यांना समजावून शेळ्यांचे प्रकरण करायला लावले. शेळ्यांना किंमत होती, विमा होता, पावती होती. कर्ज फिटले, अहवालात गट यशस्वी ठरला.

त्या बायकांपैकी एक तेव्हा म्हणाली होती, "बाईसाहेब, वाकळ विकेपर्यंत खायचे काय, त्याला पाहिजेत पैसे." तक्त्यात त्याला रकाना नव्हता, म्हणून मी ते ऐकून सोडून दिले. बारा दिवस एका वाकळेला, मग ती विकली जाण्याची वाट, आणि तेवढे दिवस रोजगाराला न गेल्याची खोट. खेळते भांडवल म्हणजे दुसरे काय असते? बी.कॉम.ला हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले होते. माझी आई तेच काम आयुष्यभर सोप्यात बसून करत होती, तरी मजुरीच्या रकान्यात शून्य लिहिताना हात अडला नाही. दोष बँकेचा नव्हता, तक्ता मी भरला होता.

किंमत कोण ठरवतो याचे एक उदाहरण बेंगळुरूच्या बाईंनी सांगितले, ते मी नंतर वाचून घेतले. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, गुलामांच्या वंशातल्या, पिढ्यान् पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या, गरिबीत ऊब मिळावी म्हणून. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. आमच्या सिद्दी शिक्षिकांना तिने फोनवर ते फोटो दाखवले. सासू बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, यांचे कोपरे मोकळे आहेत, फुला नाहीत.

ज्यांना घरी करून बघायची असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. एकदम मोठी वाकळ घेऊ नका, तीन फुटी दुपट्याने सुरुवात करा. साड्या आधी गरम पाण्यात धुऊन, फॉल काढून घ्या. जरीचा काठ आत घालू नका, तो सुईला अडतो आणि बाळाला टोचतो. थर पाच-सहाच्या वर गेले तर सुई ओढायला त्रास होतो, बोटाला अंगुस्तान घाला. गाठ वर दिसू देऊ नये, दोन थरांच्या मध्ये लपवावी. दोरा हाताच्या लांबीपेक्षा जास्त घेतला की गुंता होतो. आळस करून मी दोनदा लांब घेतला आणि दोनदा कापून टाकला. आणि वाकळ धुताना मशीनमध्ये घालू नका. बादलीत भिजवून पायाने तुडवा, पिळू नका, दगडावर किंवा गच्चीवर आडवी पसरून वाळवा. ओली वाकळ दोरीवर टाकली तर तिच्याच वजनाने टाके ताणतात.

घरी परत आल्यावर अक्काला सांगणे भाग होते. वाकळ कच्च्या टाक्यांत तशीच गुंडाळून मी तिच्याकडे, अनगोळला गेले. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशने झाली आहेत. लुगडे बघून ती काही बोलली नाही, चहा ठेवायला आत गेली. मला वाटले, आता महिनाभर अबोला. चहा घेऊन आली तेव्हा मी दंडाची पट्टी तिच्या हातात दिली आणि म्हटले, "आईचे टाके बघ गं, मी मोडले नाहीत."

तिने ती खिडकीकडे धरली, उलटी करून पाहिली. म्हणाली, "आईचे कुठले? हा दंड मी घातलाय. तुझ्या वेळी ती बाळंतीण होती, उठायची नाही. मी तेरा वर्षांची. दोनदा उसवायला लावलान मला, टाके मोठे पडले म्हणून."

ट्रंकेतल्या लुगड्याला कात्री लावायची नाही असे ती का म्हणत होती, ते मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. वाकळ मात्र तिने ठेवून घेतली. आता आम्ही दर गुरुवारी तिच्या सोप्यात बसतो, एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला मी. दंडाची पट्टी तिने मध्यावरून काढून कडेला लावली, मध्ये पाय लागतात म्हणे. १२० पैकी ७९ ओळी झाल्या आहेत. त्यातल्या माझ्या नऊ ओळी तिने उसवायला लावल्या.